अकरा मिनिटांची प्रस्तावना

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. समोर असतो तर वाकायच्या आधीच तू "पुरे रे नाटकं" म्हणाली असतीस, म्हणून तेही ऐकलं असं धरून उभा राहतो आणि विचारतो, गुडघा कसा आहे? जिना चढताना तो अजून तुझ्याआधी बोलतो का? दाजींच्या कानातलं यंत्र नीट बसलं का, की अजूनही घरातलं काम सांगितलं की तेवढ्यापुरतं बंद पडतं? (त्यांना म्हणावं, जपून वापरा. माझ्या घरात सध्या यंत्र लावूनही ऐकण्यासारखं काही नाही.) आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे तुझी भावजय ठीक आहे आणि मी तिच्यासमोर बसून जेवतो.

पत्र मिळालं. तुझ्या मानाने ते लांबलचकच होतं, चांगल्या दोन ओळी आणि एक अर्ज. "पोरगी म्हणते सुट्टी संपली की इथल्याच शाळेत जाईन. काय केलंस? शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज जोडलाय, सही करून पाठव." तीस वर्षं गणित शिकवलंस, तुला उत्तर आधी लागतं आणि रीत मागाहून. मी फोनच केला असता, पण फोनवर तू "बरं" म्हणून ठेवून देतेस. पत्राचं तसं नाही, ते मध्येच बाजूला ठेवलं तरी टेबलावर पडल्या पडल्या बोलत राहतं. तेव्हा उत्तर आधी: मी सही करणार नाही. हा माझा शेवटचा शब्द आहे. आता बाकीचे.

सुरुवात झाली ती शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात. ठिणगीच्या वर्गाने, म्हणजे तिसरीने, एक गाणं म्हटलं. (तू तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारतेस, आणि हल्ली तीही फक्त त्याच नावाला ओ देते. ठिणगी हे नाव मी ठेवलं, ती दोन तासांची असताना, प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात केलेल्या एका छोट्याशा भाषणात. प्रत्यक्षात ती पेन्सिली उंचीप्रमाणे लावून ठेवणारी, मोजकं बोलणारी मुलगी निघाली. कुणावर गेली याचा आम्ही बरीच वर्षं विचार केला. तुझ्या पत्रांची लांबी पाहूनही माझ्या लक्षात आलं नाही.) गाण्यात एक शहाणं बाळ होतं. ते लवकर उठतं, डबा संपवतं, मोठ्यांच्या मध्ये बोलत नाही आणि सात कडव्यांत कुणी काहीही सांगितलं तरी एकच उत्तर देतं, "होय". मी मोजलं. तेवीस वेळा होय. गळ्याला कागदी कॉलर लावलेली तीस मुलं एका सुरात होय म्हणत होती आणि आईबाप मोबाइल उंच धरून धन्य होत होते. ताई, सोळा वर्षं मी युनियनच्या वतीने पाणीपुरवठ्याच्या गेटवर उभा राहून माणसांना नाही म्हणायला शिकवतो आहे. चाळिशीचा धडधाकट माणूस, पंपाचं चाक एका हाताने फिरवणारा, साहेबासमोर नाही म्हणताना घामाघूम का होतो, याचं उत्तर मी कपाटभर पुस्तकांत शोधलं. ते त्या स्टेजवर उभं होतं. आठव्या वर्षीच आपण त्याच्या तोंडात तेवीस होय कोंबून ठेवलेले असतात, नाही शिरायला जागा कुठून राहणार?

कार्यक्रम संपल्यावर मी शाळेच्या फाटकाजवळ पालकांना हे समजावून सांगितलं. सुरुवातीला चाळीसेक माणसं होती, शेवटी तीन उरली. एक दंतवैद्य बाई, कारण मी जिला टेकून बोलत होतो ती स्कूटर त्यांची होती. दुसरा लिफ्ट दुरुस्त करणारा एक बाप, इतका अबोल की "येतो" म्हणायलाही त्याला वेळेवर जमलं नाही. आणि तिसरी तुझी भावजय, तिला माझ्याबरोबरच घरी जायचं होतं. पुढे जगात जे काही झालं ते या तिघांच्या अडचणीतून झालं.

पंक रॉक ही कल्पना तुझ्या भावजयीची. दिवसभर शिवणकारखान्यात कापड बेतणारी ही बाई कॉलेजात असताना इलेक्ट्रिक गिटार वाजवायची, हे तुला माहीत नसेल. (मलाही लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. ती न विचारलेलं सांगत नाही.) वाटेत ती म्हणाली, "तुला जे हवंय ना, त्याला पंक म्हणतात. पण त्यात भाषण नसतं." पहिलं वाक्य मी ऐकलं. तर पंक म्हणजे काय, हे तुला गणितासारखं सांगतो. गाणं दीड-दोन मिनिटांत संपलं पाहिजे. गिटारवर तीन कॉर्ड, म्हणजे बोटांच्या तीन ठेवणी, आल्या की पुरे, चौथी शिकली तर लोक संशयाने बघतात. गाता येत नसेल तर अडचण नाही, ओरडता आलं पाहिजे. आणि जे चुकीचं आहे ते ज्याचं चुकतंय त्याच्या तोंडावर सांगायचं. थोडक्यात, गेटसभेला ड्रम लावला की पंक. मी तर जन्मल्यापासून तयारच होतो. (तूच मला भोंगा म्हणायचीस.)

तालीम रविवारी दुपारी, दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यात. बाहेरच्या खोलीत, जिथे एरवी लोक गाल धरून बसतात, तिथे ड्रम मांडला. भिंतींना जुन्या गाद्या लावल्या तरी दाढेच्या आतल्या भागाचं एक रंगीत चित्र तेवढं उघडं ठेवावं लागलं, कारण ते खिळ्यावरून निघालंच नाही. बाई ड्रम तशाच वाजवतात जशी दाढ काढतात, आधी गोड बोलून आणि मग काही न सांगता. लिफ्टवाल्याचा आवाज इतका खालचा की पोरांनी त्याचं नाव "तळमजला" पाडलं. तो जाड तारांची बेस गिटार घेऊन कोपऱ्यात उभा राहायचा, आणि वाजवताना सवयीने वर छताकडे बघायचा. गिटार तुझ्या भावजयीकडे. मी शब्द लिहायचो आणि ओरडायचो. बँडचं नाव "उलट उत्तर". हेही मीच सुचवलं, अर्ध्या तासात सगळ्यांनी मान्य केलं.

आता खोक्याबद्दल. लहान मुलांच्या वतीने मोठ्यांनी गाणी लिहायची म्हणजे पुन्हा तोच मोठेपणा, हे मला पटत नव्हतं. म्हणून ठरवलं, गाणं मुलांच्या तक्रारीतूनच येईल. वर्गाच्या बाईंची परवानगी काढून तिसरीच्या दाराशी बुटांचं एक खोकं ठेवलं. झाकणाला फट पाडली आणि लाल शाईने मी स्वतः लिहिलं: "तक्रार लिहा. नाव लिहू नका. कुणी लिहिलं ते कुणालाही कळणार नाही. शब्द दिला." खाली चौघांच्या सह्या. माझी सर्वांत मोठी.

ताई, तू तीस वर्षं शाळेत काढलीस पण असं खोकं कधी उघडलं नसशील. पहिल्या आठवड्यात एकोणीस चिठ्ठ्या. "पाहुणे गाल ओढतात आणि आई हसते." "बाबा म्हणतात दोन मिनिटं आणि फोनवर एक तास." "ताईचा फ्रॉक लहान झाला की तो मला नवीन असतो." "मला अंधाराची भीती वाटत नाही पण दिवा घालवायच्या आधी विचारत जा." मी गेटवर सोळा वर्षं मागण्या लिहितो आहे, इतकी नेमकी मागणी मला एकदाही लिहिता आलेली नाही. आम्ही फक्त चाल लावली. "दोन मिनिटं" हे गाणं तर असं झालं:

दोन मिनिटं थांब म्हणाले,
दोन मिनिटांना दाढी आली,
दोन मिनिटांची नातवंडं
शाळेत जायला लागली!

त्यानंतर चौघांनी मिळून "किती वाजले? किती वाजले?" असं ओरडायचं, बाई झांज फोडायच्या बेतात असतानाच गाणं बंद. दुसरं, "गाल माझा आहे, ओढायचा तर तुमचा ओढा". एका मुलाच्या आजोबांनी आमच्याबद्दल मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, तीही मी खोक्यात टाकायला सांगितली.

आणि मग ती चिठ्ठी आली. खाकी कागदावर. तुझी भावजय कारखान्यातून कापड बेतायच्या कागदाचे तुकडे घरी आणते, तसा कागद अख्ख्या तिसरीत आणखी कुणाच्या घरी नाही. तिने तो ओळखला आणि चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली. मग मी ओळखला. आणि ताई, मला काय वाटलं सांगू? अभिमान. आठ वर्षं ज्या मुलीने "भाजीत मीठ नाही" एवढीसुद्धा तक्रार केली नाही, तिने तक्रार केली! तिला काय सोसावं लागत होतं हे मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुठे दिसलं.

(इथे एक अख्खं पान होतं. चिठ्ठीत काय होतं ते मी तुला लिहिलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, फार चांगलं लिहिलं होतं. मग लक्षात आलं की तू "काय केलंस?" असं विचारलं आहेस, म्हणजे तिने तुला काही सांगितलेलं नाही. पान फाडलं. तू आत्या आहेस, चिडशील. चिड. सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल. एवढंच कळवतो की गोष्ट शाळेतली होती, आणि मोठ्या माणसाला हसू येईल इतकी लहान होती, आणि तिच्यामुळे पोरीचा पाय रोज सकाळी घराबाहेर निघता निघत नव्हता.)

त्या चिठ्ठीचं गाणं आमचं सगळ्यांत चांगलं गाणं झालं. पहिला कार्यक्रम शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये, टेबलं बाजूला सारून. गाणं सुरू झालं, दुसऱ्या ओळीपासून मुलं उठून उभी राहिली, तिसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा अख्खा हॉल ओरडत होता. आणि पहिल्या रांगेत ठिणगी. तोंड एवढं मोठं उघडून, डोळे मिटून, मुठी आवळून. तिची गोष्ट दोनशे गळे ओरडत होते आणि त्या दोनशेत तिचा गळा कुठला, ते कुणालाही ओळखू येत नव्हतं. मी पुष्कळ सभा पाहिल्या. माणसाला इतकं मोकळं झालेलं मी कुठल्याच सभेत पाहिलेलं नाही. तिथेच थांबायला हवं होतं. बँड बंद करून चौघांनी आपापल्या घरी जायला हवं होतं.

पण दुसरा कार्यक्रम ठरला, शाळेच्या मैदानात, शनिवारी सकाळी, सगळे पालक बोलावून. चार गाणी झाली. पाचवं ठिणगीचं. आणि तेवढ्यात गिटारच्या ध्वनिवर्धकातून धूर आला. तळमजला गुडघ्यांवर बसला, मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "दोन मिनिटं." समोर तीनशे माणसं. माझ्या हातात माइक, आणि तो मात्र चालू. ताई, तू मला लहानपणापासून ओळखतेस. रिकामी बादली आणि गळका नळ एका जागी ठेवले तर काय होईल?

मी बोललो. सुरुवात चांगली होती, हे तुझ्या भावजयीनेही मान्य केलं आहे. लहान माणसाच्या लहान दुःखाबद्दल बोललो. मग धैर्याबद्दल. मग जगाच्या इतिहासात पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्या माणसांबद्दल, त्यात दोन शतकं आणि तीन खंड झाले. सहाव्या मिनिटाला ध्वनिवर्धक दुरुस्त झाला होता, हे मला मागाहून कळलं. तळमजला उभा राहून खुणा करत होता, मला वाटलं तो भारावला आहे. बाईंनी दोनदा झांज वाजवली, मला वाटलं दाद आहे. तुझ्या भावजयीने माझ्या माइकची वायर ओढली, मला वाटलं पायात आली. नवव्या मिनिटाला मी म्हणालो की ही तक्रार लिहायला जे काळीज लागतं ते इथल्या एकाही मोठ्या माणसाकडे नाही, आणि ते काळीज आज इथे, पहिल्या रांगेत उभं आहे. आणि बोट केलं. आणि म्हणालो, "माझी मुलगी."

तीनशे माना वळल्या. टाळ्या, ताई, अशा टाळ्या मला गेटवर कधी मिळाल्या नाहीत. त्या संपेपर्यंत मी आणखी दोन मिनिटं बोललो.

ठिणगीनेही टाळ्या वाजवल्या. फोटो काढताना हसते तसं हसली. मग गाणं झालं, दीड मिनिटाचं. सगळं मैदान ओरडत होतं आणि तिचं तोंड मिटलेलं होतं. मी स्टेजवरून पाहिलं, आणि मला वाटलं, लाजली.

घरी आल्यावर तिने बूट काढले, जागेवर ठेवले आणि विचारलं, "बाबा, खोक्यावर काय लिहिलं होतं?" मी तिला जवळ बसवून सांगितलं की नाव लपवणं ही भीतीची निशाणी असते, की ज्या दिवशी माणूस आपल्या दुःखाखाली स्वतःचं नाव लिहितो त्या दिवशी... ती म्हणाली, "खोक्यावर काय लिहिलं होतं, एवढंच विचारलं." आणि उठून गेली. तिने मला विचारलेला तो शेवटचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, लाल शाईतलं, चार छोट्या वाक्यांत बसणारं, आणि मी सबंध संध्याकाळ दुसरंच बोलत राहिलो.

तुला वाटेल शाळेत मुलांनी चिडवलं असेल. चिडवलं असतं तर मी जाऊन बोललो असतो. कुणी चिडवलं नाही. सगळे तिच्याशी चांगले वागले, आणि तेच तिला सोसलं नाही. वर्गाच्या बाईंनी तिला उभं करून शाबासकी दिली. एका मुलाने आपलं खोडरबर देऊन टाकलं. शिपाईमामा रोज सकाळी फाटकाशी विचारायचे, "आता बरंय ना बाळा?" आणि जी गोष्ट चिठ्ठीत होती ती शाळेने आठ दिवसांत दुरुस्त केली. म्हणजे आपण जिंकलो! गेटवर असं झालं असतं तर गुलाल उधळला असता. इथे जिची मागणी मान्य झाली ती जेवणाच्या टेबलावर माझ्याकडे न बघता मीठ मागत होती. तेही आईकडे.

खोकं त्यानंतर रिकामं. पहिल्या आठवड्यात एक चॉकलेटचा कागद निघाला, दुसऱ्यात काही नाही. मुलांनी काही ठरवलं नव्हतं, सभा घेतली नव्हती. नुसतं कळलं होतं. बँडची बैठक झाली. मी खुलासा तयार केला होता, पण बोलायच्या आधीच तळमजला बोलला. बैठकीत पहिल्यांदाच. म्हणाला, "साहेबांना खुळखुळा द्या." कुणी हसलं नाही. बाईंनी लहान पेशंटांना रमवायला ठेवलेला लाल खुळखुळा खणातून काढला आणि माझ्या हातात दिला. आता मी तो वाजवतो. गातो तळमजला. दोन गाण्यांच्या मध्ये तो जी प्रस्तावना करतो तीही सांगतो. "पुढचं गाणं." संपली प्रस्तावना. मुलं त्याच्यावर जीव टाकतात.

मी माफी मागितली नाही असं समजू नकोस. मी माफीचं गाणं लिहिलं, तीन कॉर्डचं, चांगलं झालं होतं. पुढच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर म्हणायचं ठरवलं. तुझ्या भावजयीने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "माफीसुद्धा माइकवरच मागणार का रे?" (ती मला "रे" म्हणते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.) मग खोलीच्या दाराशी गेलो. ठिणगी पेन्सिलींना टोक करत होती. मी "हे बघ, माणसाच्या हातून" एवढं म्हटलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं, ताई, अगदी तसं, जसे कामगार पाचव्या वक्त्याकडे बघतात. म्हणाली, "मला गृहपाठ आहे." सुट्टी लागली होती. दोन दिवसांनी ती तुझ्याकडे आली.

तेव्हापासून मला पंपावरचा एक ऑपरेटर आठवतो आहे. सहा वर्षांपूर्वी त्याच्या आजारपणाची रजा साहेबांनी अडवली होती. मी गेटवर त्याचा आजार सांगितला. नावासकट, आणि कुठल्या अवयवाचा तेही. लोक पेटले, रजा मिळाली. त्यानंतर त्याने माझ्याबरोबर कधी चहा घेतला नाही. मी त्याला कृतघ्न म्हणत आलो, दोन भाषणांत उदाहरण म्हणूनही दिला. परवा त्याच्या घरी गेलो होतो. त्याने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. मी पेला रिकामा केला आणि उठलो. निघताना म्हणाला, "बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं हो मी." अजून असे किती असतील? सोळा वर्षं आहेत, ताई. मी मोजायला बसलो आणि मोजणं सोडून दिलं.

आणि ती तुझ्याकडेच का आली तेही कळतं. मी नऊ वर्षांचा असताना त्या दुपारी गच्चीवर मी जे केलं ते तू पाहिलंस. (काय ते तुला ठाऊक आहे. इथे लिहीत नाही, बघ, शिकतो आहे.) चाळीस वर्षं झाली, तू आईला सांगितलं नाहीस, भांडणातसुद्धा कधी काढलं नाहीस. दाजी माझ्याशी अजून आदराने बोलतात, त्यावरून त्यांनाही सांगितलेलं नाही हे उघड आहे. मुलांना हे कुठून कळतं कोण जाणे, पण बरोबर दार त्यांना सापडतं.

तरीही मी सही करणार नाही. माझी बाजू ऐक. आज तिला जाऊ दिलं तर ती काय शिकेल? की शब्द मोडला की गाव सोडायचं? राहून भांडायला नको? मला तोंडावर सांगायला नको? मी तिला सांगतो आहे की माझ्यावर गाणं लिही, मी त्यावर खुळखुळा वाजवीन! शाळेत तिच्या मैत्रिणी आहेत, खिडकीजवळची जागा आहे, वर्गात तिने लावलेलं रोप आहे. आणि आठ वर्षांच्या मुलीने बापाच्या घरात राहावं की नाही, हे एका छापील अर्जावर, ठिपक्यांच्या रेघेवर ठरावं? कदापि नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. अर्ज परत पाठवत नाही, माझ्याकडेच राहील.

गुडघ्याला शेक घे. दाजींना नमस्कार. पोरीला, तिला चालत असेल तर, आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. अर्ज जोडला आहे. सही केली आहे. तुझ्या भावजयीने करायला लावली म्हणून नव्हे, ती त्या वेळी घरातही नव्हती. वरची बाजू लिहून झाली, वाचून पाहिली, टाळ्यांच्या जागा बरोबर होत्या. मग वाटलं, नाही म्हणायला मी शिकवलं आणि तिने पहिलं नाही मला म्हटलं. ते मोडून काढणारा पहिला साहेब मी व्हायचं का? सही नेहमीपेक्षा लहान आली आहे, शाळेने शंका घेतली तर माझीच म्हणून सांग. तारीख कोरी ठेवली आहे. अर्ज तिच्याकडे दे. पाठवायचा की नाही, कधी पाठवायचा, ती बघेल. तिने तो फाडला तर मला लगेच कळवायची घाई करू नकोस. (पण कळव.)

ता. क. २. हे पत्र जेवताना मोठ्याने वाचू नकोस. दाजींचं यंत्र नेमकं तेव्हा चालू असतं. पोरीला वाचायलाही देऊ नकोस. बाबांनी काय लिहिलंय असं तिने विचारलं, तर म्हणावं, सही केलीय. पुढे काही जोडू नकोस, माझ्या वतीने तर अजिबात नको.

ता. क. ३. खरं तर एवढंच विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं. इथे ती आंघोळ करताना गायची, म्हणजे ओरडायची, आमचीच गाणी, बादली उलटी करून त्यावर ताल धरून. शेजारचे तक्रार करायचे. त्या शनिवारपासून नुसता पाण्याचा आवाज यायचा. तुझ्याकडे आंघोळीला ती काही गाते का? माझ्याविरुद्ध असलं तरी चालेल. दाराजवळून जाताना सहज कानावर पडलं तर पडू दे, थांबून ऐकू नकोस. आणि मला फक्त हो किंवा नाही एवढंच लिही. शब्द काय आहेत, ते लिहू नकोस.